लाखापलीकडची मोटार

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या उपनगरी मुंबईत जुनी मोटार विकत घेऊ पाहणारा मध्यमवर्गीय गृहस्थ गाडीचा रंग, तिचे वय, तिच्या पूर्वीच्या मालकांची संख्या यांविषयी थोडीफार तडजोड करावयास तयार असतो. परंतु काट्यांशेजारच्या किलोमीटरच्या आकड्याने लाखाची मर्यादा ओलांडलेली दिसली, की त्याचा उत्साह तत्काळ मावळतो आणि ‘फार चालली आहे’ एवढ्या तीन शब्दांत त्या वाहनाचा निकाल लागतो. हा निकाल कितपत न्याय्य आहे, हे पाहण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाचे मत प्रारंभीच सांगून टाकलेले बरे: लाखापलीकडची गाडी सरसकट त्याज्य मानणे चूक आहे, आणि मुंबईच्या उपनगरांत तरी मोठ्या आकड्यापेक्षा लहान आकड्याचीच उलटतपासणी अधिक कसून व्हावयास हवी.

लाखाच्या या धास्तीला इतिहास आहे, आणि त्यातील बराच भाग उपनगरांतच घडलेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला, आणि तेथून बाहेर पडणाऱ्या फियाट, ज्यांना पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, त्यांनी मुंबईकरांच्या दोन पिढ्यांची मोटारविषयक बुद्धी घडविली. १०८९ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर, सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गियर आणि त्या काळचे बेताच्या प्रतीचे वंगण अशा सामग्रीवर चालणाऱ्या या गाडीचे ‘इंजिनकाम’ लाखाच्या आसपास, कित्येकदा त्यापूर्वीच, निघे. पिस्टनच्या रिंगा बदलणे, सिलिंडर बोअर करून घेणे हा मोटार बाळगणाऱ्याच्या आयुष्यातील ठरलेला खर्च असे. शिवाय तत्कालीन अनेक गाड्यांच्या मापकाला पाचच घरे असल्यामुळे ९९,९९९ नंतर आकडा पुन्हा शून्यावर येई, आणि लाख ही जणू निसर्गानेच आखून दिलेली आयुर्मर्यादा आहे अशी समजूत दृढ होत गेली. गंमत अशी, की हीच पद्मिनी टॅक्सी म्हणून याच शहरात वीस वीस वर्षे राबत होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. अशा गाड्या लाखालाखांची मजल मारीत राहिल्या त्या त्यांच्या उपजत बळामुळे नव्हे. त्यांचा प्रत्येक भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळत होता आणि तो बसविणारा कारागीर गल्लीच्या तोंडाशीच बसलेला होता, म्हणून. एकाच गाडीपासून दोन धडे घेता आले असते. आपण भीतीचा तेवढा घेतला.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, नव्वदीच्या दशकाअखेरपासून कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली, वंगणाची प्रत सुधारली, आणि इंजिन हा गाडीचा सर्वांत आधी जीर्ण होणारा भाग राहिला नाही. नियमाने ऑइल बदललेले साधे पेट्रोल इंजिन आज दोन लाख किलोमीटरपर्यंत न खोलता जाणे यात नवल मानण्यासारखे काही नाही. टोयोटाच्या क्वालिस आणि इनोव्हा या गाड्या तीन-चार लाखांचा पल्ला गाठून शिर्डी-महाबळेश्वरच्या फेऱ्या करताना कोणीही पाहिल्या असतील. आता आधी थकतात ते सस्पेन्शनचे बुश, शॉक अॅब्सॉर्बर, क्लच, एसीचा कॉम्प्रेसर आणि निरनिराळे सेन्सर. यांचा थकवा किलोमीटरवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक ते किलोमीटर कोठे घडले यावर असतो.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. सकाळी बोरिवलीहून निघून पश्चिम द्रुतगती मार्गाने अंधेरीस, किंवा मुलुंडहून लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपरकडे जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटर धरला, तर पन्नास हजार किलोमीटर पुरे होईतो तिचे इंजिन सुमारे तीन हजार तीनशे तास चालू राहिलेले असते. उलट नाशिक-पुण्याच्या वाऱ्या करणाऱ्या एखाद्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीची गाडी ताशी साठच्या सरासरीने एक लक्ष वीस हजार किलोमीटर चालली असेल, तर तिच्या इंजिनाचे तास भरतात अवघे दोन हजार. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, फेरे कळतात. त्यातही पहिलीचा वेळ दर मिनिटाला थांबण्या-निघण्यात गेला, क्लच अर्धवट दाबून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या उड्डाणपुलांवर मुंगीच्या पावलाने चढण्यात गेला, तर दुसरीचा पाचव्या गियरमध्ये, योग्य तापमानावर, ऑइल वाहते राहून गेला. इंजिनाची सर्वाधिक झीज थंड अवस्थेत सुरू होताना होते. दहा मिनिटांत शाळा आणि बाजार उरकून परतणाऱ्या गाडीचे ऑइल पुरते तापतच नाही, त्यातील पाण्याचा अंश उडून जात नाही, आणि आकडा लहान राहूनही आतील धातू मात्र झिजत राहतो.

उपनगरांतील गाड्यांचे आकडे लहान का असतात, याचे पहिले आणि प्रामाणिक कारण म्हणजे लोकल. मालक चर्चगेटला किंवा सीएसएमटीला आगगाडीने जातो आणि मोटार सोसायटीच्या आवारात आच्छादनाखाली रविवारची वाट पाहते. ‘गाडी घरचीच, फक्त सुट्टीला काढतो’ हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच पुष्कळदा अक्षरशः खरे असते; चूक होते ती त्या वाक्यातून गुणवत्ता निष्पन्न करण्यात. उभी गाडी शाबूत राहते ही समजूत कोरड्या हवेच्या गावी चालेल. वर्सोवा-मढच्या खाऱ्या वाऱ्यात, चार महिन्यांच्या पावसात, झाडाखाली साचलेल्या पाल्यात उभ्या गाडीचा तळ गंजतो, ब्रेकच्या डिस्क धरतात, बॅटरी बसते, टायरच्या कडांना भेगा पडतात आणि उंदीर वायरिंगचे जाळे कुरतडतात, ज्याची दुरुस्ती दृष्टीस पडत नाही आणि खोड मात्र दर पावसाळ्यात नव्याने निघते. रबरी टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो पट्टा ठराविक किलोमीटर किंवा ठराविक वर्षे, यांपैकी जे आधी येईल त्यावेळी बदलावयाचा असतो. पट्टा तुटला, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते. बारा वर्षांत तीस हजार चाललेल्या गाडीच्या मालकाला हा पट्टा कधी बदलला असे विचारले, तर ‘इतकी चाललीच कुठे?’ असा प्रतिप्रश्न ऐकू येतो. लाखावर गेलेल्या गाडीच्या मालकाकडे बहुधा त्याची पावती असते.

दुसरे कारण प्रामाणिक नाही. मापक मागे फिरविण्याची विद्या जुनीच आहे. पूर्वी त्यासाठी फलक उघडून चाके हाताने फिरवावी लागत आणि आकड्यांची ओळ किंचित वाकडी राहून कारागिरी उघडी पडे, आता गाडीच्या निदान-जोडणीला यंत्र लावून तेच काम चहा निवण्यापूर्वी उरकते. अमेरिकेने १९७२ साली यासाठी संघीय कायदा केला, आणि बेल्जियममध्ये २००६ पासून प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी किलोमीटरची मध्यवर्ती नोंद ठेवून विक्रीच्या वेळी तिचा दाखला देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे अशी मध्यवर्ती नोंद नाही. फसलेल्याने फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमाचा किंवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घ्यावयाचा, आणि तोवर दलालाने दुकानाची पाटी बदललेली असावयाची. लिंक रोडवर सगळेच व्यापारी असे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आठ वर्षांची गाडी नेमकी ‘बेचाळीस हजार’ चाललेली इतक्या वारंवार भेटते, की योगायोगावरचा विश्वास उडावा. लाखापलीकडचा आकडा मात्र कोणी मुद्दाम वाढवून ठेवीत नाही, आणि एवढ्यासाठीच तो सहसा खरा मानावयास हरकत नाही.

तेव्हा आकड्याची खातरजमा अन्य पुराव्यांनी करावी. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा आकडा नोंदलेला असतो. मालकाच्या संमतीने तो इतिहास पाहावयास मिळतो, आणि मालकाने ती संमती देण्यास का-कू केली तर पुढील चौकशीचे श्रम वाचतात. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख कोरलेली असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २०१७ ची गाडी ‘अठ्ठावीस हजार’ चाललेली म्हणून दाखविली जात असता चारही टायरांवर ३४२१ आढळले, तर पहिले टायर इतक्या लवकर कोठे गेले हे विचारण्याचा अधिकार ग्राहकास प्राप्त होतो. क्लचच्या पायपट्टीचे गुळगुळीत झालेले रबर, चालकाच्या आसनाची दाराकडील दबलेली कड आणि सुकाणूचे चकाकणारे चामडे हे मुके साक्षीदारही फारसे खोटे बोलत नाहीत.

इंजिनाची परीक्षा सकाळी, ते थंड असताना करावी. घाटकोपरच्या एखाद्या जुन्या गॅरेजात हे काम पाहण्यासारखे असते. मिस्त्री प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहतो. ते कोमट लागले, तर गाडी ग्राहक येण्यापूर्वी तापवून ठेवली आहे हे ओळखून तो मालकाकडे केवळ एक दृष्टिक्षेप टाकतो. मग इंजिन सुरू करून ऑइल भरावयाचे झाकण काढतो आणि त्या छिद्रावर तळहात धरतो. किंचित उष्ण श्वास लागला तर ठीक. धुराचे झोत हाताला ढकलू लागले तर ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ एवढे बोलून तो झाकण परत लावतो, कारण रिंगा झिजून ज्वलनाचा वायू खाली उतरू लागल्याची ती खूण असते आणि तिच्यापुढे आकडा चाळीस हजार असो की दीड लाख, अर्थ एकच. कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का, एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो का, रबरी एक्सेल बूट फाटून ग्रीस उडाले आहे का, पुढच्या एप्रनवरील कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके जागच्या जागी आहेत का, एवढे पाहून झाले की तो गाडी खड्ड्यांच्या रस्त्याने फिरवून आणतो आणि खडखडाटावरून लिंक रॉड, लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक अशी नावे घेत जातो. या परीक्षेची जी काही फी असेल ती आनंदाने द्यावी. दलालाच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून ती फुकट मिळत असेल तर घेऊ नये.

आता अपवादांकडे वळले पाहिजे, कारण मोठा आकडा निरुपद्रवी आहे हे विधान सर्व गाड्यांना लागू पडत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते, आणि ती जळून साफ होण्यासाठी गाडी काही काळ एकसारख्या वेगाने धावावी लागते. उपनगरी कोंडीत ती संधी मिळत नाही, जाळी तुंबते, आणि बदलावयाची वेळ आली तर तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. येथे पुन्हा शहरात पन्नास हजार चाललेली डिझेल गाडी महामार्गावर लाख चाललेलीपेक्षा अधिक संशयास्पद ठरते. कोरड्या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गियरपेट्या मुंबईच्या रहदारीत तापून जेरीस येतात; त्या लाखापलीकडे घेण्याचे धाडस सामान्य पगारदाराने करू नये. टूरिस्ट परवान्यावर चालून पुढे खासगी नोंदणीत आणलेली गाडी नोंदणीचा पूर्वेतिहास काढल्याविना घेऊ नये. तिचे मालक बदलले नसले तरी चालक दर पाळीला बदललेले असतात. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी जलदाब चाचणी झाल्याची नोंद आणि आरसी बुकात सीएनजीचा उल्लेख, दोन्ही हवेत.

आणि पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीकाठी आणि कालिना-कुर्ल्याच्या वस्त्यांत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यानंतरही २९ ऑगस्ट २०१७ चा दिवस आला, आणि अंधेरीचा भुयारी मार्ग तर प्रतिवर्षी काही गाड्या गिळतोच. बुडालेल्या गाडीतील पाणी इंजिनात शिरले असता कोणी चावी फिरविली, की कनेक्टिंग रॉड वाकतात. तेवढे दुरुस्त होते; वायरिंगच्या सांध्यांत शिरलेला ओलावा मात्र वर्षानुवर्षे आपले काम करीत राहतो. अशी गाडी विमा कंपनीने पूर्ण नुकसानीत काढल्यावर लिलावातून फिरत, धुतली-पुसली जाऊन पुन्हा बाजारात येते, आणि तिचा आकडा बहुधा लहान असतो. ओळखण्याचा उपाय साधा आहे: आसनाचा पट्टा अगदी शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण शॅम्पूचा हात तेथवर पोहोचत नाही आणि चिखलाची तपकिरी रेघ पट्ट्यावर कायम राहते. गालिच्याखालील लोखंड आणि आसनाच्या रुळांचे बोल्टही पाहावेत.

यंत्राइतकीच तसदी दस्तऐवजांसाठी घ्यावयास हवी, आणि येथे किलोमीटरचा काही संबंध राहत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० अन्वये एकाच राज्यातील विक्रीची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यावयाची असते. नमुना २९ व ३० भरून, कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ जोडून अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा यांपैकी ज्याच्या हद्दीत राहणे असेल त्या कार्यालयात हस्तांतर होते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘नाव नंतर चढवू’ म्हणणाऱ्या दलालापासून विकणाऱ्यानेच अधिक सावध राहावे, कारण अपघात झाल्यास कागदोपत्री मालक असलेल्यावरच जबाबदारी राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. एमएच-०२, ०३, ०४ किंवा ४७ यांत फरक करीत बसण्याचे कारण नाही. परराज्याची पाटी मात्र निराळी गोष्ट आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ व २०१८ च्या आदेशांनी निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. दिसावयास त्या देखण्या असतात, पण येथील वाहनकर, नवा नोंदणीक्रमांक आणि मूळ कार्यालयाचा दाखला मिळेपर्यंतचे हेलपाटे जमेस धरले, की स्वस्ताई उरत नाही. थकलेली ई-चलने, विम्याचे हस्तांतर आणि जुन्या गाड्यांना आवश्यक झालेली उच्च सुरक्षा पाटी हे तपशील व्यवहार ठरण्यापूर्वीच निकालात काढावेत.

किमतीविषयी बाजारात जो गोंधळ असतो, तो आकड्याच्या भीतीमुळेच ग्राहकाच्या लाभाचा ठरतो. विमा कंपन्या गाडीचे घोषित मूल्य ठरविताना केवळ वय पाहतात: चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के घसारा, मग ती वीस हजार चाललेली असो की दीड लाख. बाजार मात्र लाखाच्या रेघेपाशी भाव झटकन पाडतो, यंत्राच्या झिजेच्या मानाने कितीतरी अधिक. हा फरक म्हणजेच घेणाऱ्याची मिळकत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आल्यामुळे नव्या गाड्यांचे भाव उतरले आहेत, आणि त्यापूर्वीच्या भावाला चिकटून बसलेल्या विक्रेत्याशी घासाघीस करण्यास मुद्दा मिळाला आहे. जी रक्कम वाचेल ती सगळी खर्ची घालू नये. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन आणि सर्व द्रवपदार्थ यांसाठी खरेदीच्या किमतीचा पाचवा-सहावा हिस्सा पहिल्याच वर्षी लागेल असे धरून चालावे. पंधरा वर्षे भरत आलेल्या गाडीच्या बाबतीत नूतनीकरणाचे पाच हजार रुपये, पर्यावरण कर आणि कार्यालयापुढील तपासणी हेही खर्चात मांडावे, आणि अशा गाडीला पुनर्विक्रीचे मूल्य जवळजवळ नाही हे आधीच मान्य करावे. बँका वयस्कर गाडीला कर्ज देण्यास नाखूष असतात आणि दिले तर चढ्या व्याजाने देतात. रोख पैसा हाती नसेल, तर या वाटेस न जाणे श्रेयस्कर.

म्हणून प्रश्न अखेर गाडीपेक्षा घेणाऱ्याकडे वळतो. बोरिवलीहून रोज पवईस स्वतः गाडी हाकीत जाणाऱ्या, एक दिवसही गाडी गॅरेजात ठेवणे न परवडणाऱ्या माणसाने थोडे कर्ज काढून कमी वयाची, अधिकृत सेवेत असलेली गाडी घ्यावी. एरवी लोकलने जाणाऱ्या, परंतु गणपतीला सिंधुदुर्गास, मे महिन्यात साताऱ्यास आणि मधून मधून वृद्ध आईवडिलांना डॉक्टरकडे नेण्यासाठी वाहन हवे असलेल्या कुटुंबाने वर्षाकाठी पाच-सहा हजार किलोमीटरच चालवावयाचे, तर लाख-सव्वालाख चाललेली, एकाच मालकाची, पावत्यांची फाइल सोबत असलेली साधी पेट्रोल गाडी त्यांना सहज सात-आठ वर्षे पुरेल. फक्त तिला आठवड्यातून एकदा, अर्धा तास तरी, ठाण्याच्या दिशेने पूर्व द्रुतगती मार्गावर मोकळी सोडावी, आणि ऑइल किलोमीटर मोजून नव्हे तर दर वर्षी पावसाळा संपताच बदलावे.